१०५ की अल्टेग्रा हा शेवटचा प्रश्न: नव्या रोड बाइकसाठी ड्राइव्हट्रेन निवडताना

तुमची माहिती आधी एकत्र मांडतो. मापाप्रमाणे स्टीलची रोड फ्रेम बनवून घेताय. डिस्क ब्रेक आणि २८ मिमी टायर ठरलेत, आणि शिमानोच्या ११-स्पीड रोड फ्रीहबची (मागच्या हबचा तो भाग, ज्यावर ११ चक्रांची कॅसेट बसते) चाकं आधीच घेऊन ठेवलीत. तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून वजन ८५ किलो. नेहमीच्या वाटेवर सरासरी ८ टक्क्यांचा लांब चढ आहे आणि तिथे गुडघ्यांवर ताण येतो. तुम्ही विचारताय की शिमानोचं १०५ घेऊ की त्याच्या वरच्या दर्जाचं अल्टेग्रा, पेडलकडे ५२/३६ दात्यांची चेनरिंग चालतील का, आणि मागच्या चाकावर ११ ते २८ दात्यांची, म्हणजे ११-२८ कॅसेट पुरेल का.

ग्रुपसेटचं, म्हणजे गिअर-ब्रेकच्या पूर्ण संचाचं, नाव हा यातला सगळ्यात सोपा निर्णय आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी घ्या. सुरुवात सगळ्यात हलक्या गिअरपासून करा. तो ठरला की चाकं आणि फ्रेम काय स्वीकारतात ते बघा, मग कोणते भाग एकमेकांना बांधलेले आहेत ते. एवढं झालं की नावापुरते एकदोनच पर्याय उरतात. आधी नाव पक्कं करून मागे येणाऱ्यांचं बहुधा असं होतं की सुंदर क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि चेनरिंग) येतो, त्याला शोभेल अशी कॅसेट येते, आणि चढावर गिअर कमी पडतो.

हलका गिअर ठरवायला पॉवर मीटर लागत नाही, कॉम्प्युटरवरचा वेग पुरतो. चढाच्या शेवटच्या टप्प्यात, पाय दमल्यावर, टिकून राहणारा वेग किती असतो ते बघा. पहिल्या किलोमीटरचा वेग धरू नका, तिथे सगळेच जोरात असतात. तुम्ही वेग दिलेला नाही, म्हणून पेडलवर १८० वॉट धरून अंदाज करतो. ८५ किलोला ८ टक्के चढावर गुरुत्वाकर्षणाची ओढ सुमारे ६६ न्यूटन, टायरचा रोध ५ च्या आसपास आणि एवढ्या कमी वेगात हवेचा जेमतेम दीड न्यूटन. चेनमध्ये वाया जाणारं थोडं वजा केलं की ताशी ८.६ किमी येतात, म्हणजे मिनिटाला १४३ मीटर. तुमचा प्रत्यक्ष आकडा वेगळा असेल तर पुढच्या हिशोबात तो घाला.

२८ मिमी टायरचा घेर साधारण २.१३६ मीटर. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले घेर, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते. ३६/२८ ला हे २.७५ मीटर येतं, म्हणजे १४३ मीटरला मिनिटाला ५२ फेऱ्या. ३४/२८ ला ५५. ३४/३४ ला एका फेरीत बरोबर टायरचा घेर, म्हणून केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, ६७. ३४/३६ ला ७१, आणि पुढे ३० दात्यांचं चेनरिंग लावून मागे ३४ ठेवलं तर ७६.

५२ असो की ६७, पॉवर तीच आणि वेगही तोच. पण ६७ ला पायाला द्यावा लागणारा सरासरी जोर सुमारे २२ टक्क्यांनी कमी असतो. गुडघ्याची तक्रार आहे म्हणताय, ती बरीचशी इथे असू शकते. सीटची उंची आणि बुटाखालच्या क्लीटची जागा ही दुसरी कारणं आहेत, ती फिटिंग करणाऱ्याकडून तपासून घ्या. गिअर बदलून ती सुटणार नाहीत. लांब चढावर बसून चढताना केडन्स ६५ च्या खाली जाऊ नये, हा माझा किमान हिशोब. गुडघे नाजूक असतील तर ७० ते ७५. शिवाय सरासरी ८ टक्के असलेल्या चढात ११-१२ टक्क्यांचे तुकडे असतातच, त्यांच्यासाठी एक गिअर शिल्लक लागतो.

म्हणून ५२/३६ सोबत ११-२८ तुमच्यासाठी बाद. ३४/३४ ही किमान मर्यादा समजा.

यावर ठरलेली शंका येते, की मग सपाटीवर वेग मिळेल का. ५०/११ ला ९० च्या केडन्सवर ताशी ५२.४ किमी, ५२/११ ला ५४.५. दोन किलोमीटरचा हा फरक फक्त उतारावर जाणवतो, आणि तिथे पेडल थांबवून खाली वाकलात तरी चालतं. पुढे ४६/३० लावलं तरी ४६/११ वर ९० च्या केडन्सला ४८ किमी मिळतात. शर्यतीत स्प्रिंट मारणाऱ्याचं गणित वेगळं. तुमच्या वर्णनात शर्यत कुठे आली नाही, म्हणून मी ती धरलेली नाही.

आता कॅसेटकडे जरा बारकाईने बघू, कारण ११-स्पीड की १२-स्पीड हा वाद इथेच सुटतो. शिमानोच्या ११-स्पीड ११-३४ मध्ये दाते असे आहेत: ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४. १२-स्पीड ११-३४ मध्ये: ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२४-२७-३०-३४. सहसा ऐकायला मिळतं की १२-स्पीडमध्ये गिअरमधल्या उड्या लहान होतात. कुठे होतात ते बघा. ५० च्या चेनरिंगवर ९० च्या केडन्सला १९ दात्यांवर ताशी ३० किमी, १७ वर ३४, १५ वर ३८. म्हणजे सपाटीवर तुमचा बहुतेक वेळ ज्या तीन स्प्रॉकेटवर, म्हणजे कॅसेटच्या चक्रांवर, जाणार ती दोन्ही कॅसेटमध्ये अगदी सारखीच आहेत. १२-स्पीडला जास्तीचे मिळाले ते १२ आणि १४, आणि ते कामाला येतात ३८ च्या पुढे. उलट चढावर २१ ते २७ च्या दरम्यान ११-स्पीडमध्येच पायऱ्या जवळ आहेत: २१-२३-२५-२७, तर तिकडे २१-२४-२७.

त्यामुळे केवळ गिअरच्या अंतरासाठी १२-स्पीडकडे जायचं कारण तुम्हाला नाही. तरीही सगळं नव्याने घेताय म्हणून मी १२-स्पीडच सुचवेन. शिमानोचे रोडचे नवे भाग आता त्यात येतात, आणि पाच वर्षांनी एक शिफ्टर (गिअर बदलायचा लिव्हर) तुटला तर नवा मिळणं सोयीचं पडेल. हातात चांगल्या स्थितीतला पूर्ण ११-स्पीड संच असता तर मी तोच लावायला सांगितलं असतं.

१२-स्पीडची ११-३४ रोड कॅसेट तुमच्या ११-स्पीड रोड फ्रीहबवर सरळ बसते, नवा फ्रीहब लागत नाही. गंमत म्हणजे ११-स्पीडची ११-३४ बसवताना मात्र एक खोच आहे. ती मूळ जुन्या, आखूड फ्रीहबवरही बसावी अशी बनवलेली आहे, म्हणून ११-स्पीड रोड फ्रीहबवर तिच्या मागे १.८५ मिमीचं स्पेसर, म्हणजे पातळ कडं, आधी घालावं लागतं. ते राहून गेलं की कॅसेट जागी धरणारं लॉकरिंग पूर्ण घट्ट होऊनही कॅसेट हाताने हलते, आणि माणूस लॉकरिंगलाच दोष देत बसतो.

स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या १२-स्पीड रोड संचाचा विचार केला असेल तर गणित तिथेही चांगलं जमतं. ४६/३३ सोबत १०-३६ घेतली तर हलका गिअर ३३/३६ म्हणजे ०.९२, आणि जड गिअर ४६/१०, जो ५०/११ पेक्षा किंचित जडच आहे. पण १० दात्यांच्या स्प्रॉकेटसाठी एक्सडीआर नावाचा वेगळ्या प्रकारचा फ्रीहब लागतो. तुमच्या हबसाठी तो बदलून मिळत असेल तरच पुढे जा. त्यांची फ्लॅटटॉप चेनही वेगळ्या मापाच्या रोलरची आहे, दुसरी साधी १२-स्पीड चेन तिथे चालत नाही. कॅम्पान्योलो या तिसऱ्या कंपनीच्या संचासाठीही फ्रीहब वेगळाच लागतो. चाकं आधी घेतल्यामुळे निम्मा निर्णय झालेलाच आहे, असं समजा.

पुढे एकच चेनरिंग ठेवण्याबद्दल थोडक्यात: ४० सोबत ११-४२ लावली तर हलका गिअर ०.९५ मिळतो, पण ९० च्या केडन्सला जास्तीत जास्त वेग ४२ किमी, आणि २४ वरून २८ वर जाताना १७ टक्क्यांची उडी. खडीच्या रस्त्यावर हे चालतं. लांब चढावर एकसारखी लय हवी असणाऱ्याला ती उडी त्रास देते.

फ्रेम अजून बनायची आहे, हा तुमचा मोठा फायदा. बनवणाऱ्याला पुढच्या गोष्टी लिहून द्या, तोंडी सांगू नका.

बॉटम ब्रॅकेटचा शेल, म्हणजे क्रँकची बेअरिंग ज्यात बसतात ती फ्रेममधली नळी, ६८ मिमीचा, इंग्लिश पद्धतीच्या आट्यांचा मागा, ज्याला बीएसए म्हणतात. शिमानोची २४ मिमी अॅक्सल त्यात बसते, स्रॅमची डब अॅक्सलही बसते, बेअरिंग बाहेर असतात आणि घरच्या घरी बदलता येतात. आट्यांशिवाय दाबून बसवायच्या प्रेसफिटमध्ये शेलच्या आतल्या मापात किंचित फरक राहिला तरी करकर सुरू होते, आणि स्टीलमध्ये प्रेसफिट घेण्याचं काही कारणही नाही. इटालियन ७० मिमी शेलमध्ये दोन्ही बाजूंचे आटे उजवे असतात, त्यामुळे चेनकडचा कप चालवता चालवता सैल होण्याकडे कल असतो. इंग्लिश शेलमध्ये चेनकडचा कप डावा आट्याचा असतो, तो घड्याळाच्या उलट फिरवून घट्ट होतो. वेल्डिंग झाल्यावर आटे साफ करून शेलची दोन्ही तोंडं समांतर घासून द्या, हे मुद्दाम लिहा. तोंड वाकडं राहिलं तर दोन बेअरिंग एका रेषेत येत नाहीत, क्रँक जड फिरतो आणि बेअरिंग लवकर जातात.

मागचा अॅक्सल १४२×१२ मिमी. चेनस्टे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी, ४१५ मिमीच्या आसपास असावा. फार आखूड केला तर मोठ्या चेनरिंगवरून मोठ्या स्प्रॉकेटकडे जाताना चेनचा तिरकेपणा वाढतो. चेनरिंगचे आकडेही त्याला द्या: बाहेरचं ५०, कधी ५२ लावायची शक्यता असेल तर तेही, आणि आतलं ३४ की ३६. चेनस्टेला चेप कुठे आणि किती द्यायचा हे त्यावरून ठरतं. टायर पुढे ३२ मिमी करायचा विचार असेल तर तोही सांगा, कारण टायर, चेनरिंग आणि चेनस्टे तिघेही त्याच दोन-चार सेंटिमीटर जागेसाठी भांडतात.

चेन एका चेनरिंगवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या फ्रंट डिरेलरसाठी सीट ट्यूबला कायमचा आधार जोडून घेण्याऐवजी पट्ट्याचा क्लॅम्प ठेवा. स्टीलची सीट ट्यूब बहुधा २८.६ मिमी असते, पण जाड नळी वापरणार असेल तर ३१.८, म्हणून मापून मगच क्लॅम्प घ्या. जोडलेल्या आधारात वरखाली करायला खाच थोडीच असते. ती ५० दात्यांसाठी बसवली आणि पुढे ४६ लावायची वेळ आली, तर डिरेलर पुरेसा खाली येत नाही, किंवा आला तरी त्याच्या पिंजऱ्याचं (चेन ज्यातून जाते तो भाग) शेपूट चेनस्टेला टेकतं. पट्टा असेल तर सैल करून खाली सरकवला की काम झालं.

मागचे गिअर बदलणारा रिअर डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर बदलता येण्याजोगा असो की फ्रेमचाच भाग असो, सायकल जोडायच्या आधी तो गेजने तपासून घ्या. रिमवरच्या चार ठिकाणचं अंतर ३-४ मिमीपेक्षा जास्त वेगळं यायला नको. नव्या फ्रेमचा हँगर सरळच असेल असं गृहीत धरू नका. रंगकाम आणि पॅकिंगमध्येही तो वाकतो, आणि मग माणूस केबलचा ताण फिरवत राहतो.

आता बांधलेल्या जोड्या. शिफ्टर आणि रिअर डिरेलर एकाच पिढीचे हवेत, कारण शिफ्टर एका टिचकीत किती केबल ओढतो आणि डिरेलर तेवढ्या केबलला किती सरकतो हे पिढीनुसार बदलतं. शिमानोमध्ये याचा प्रसिद्ध सापळा म्हणजे टिआग्रा ४७००, १०५ च्या खालच्या दर्जाचा संच. तो १०-स्पीड असूनही त्याच्याआधीच्या १०-स्पीड रोड भागांशी जमत नाही. शिफ्टर आणि फ्रंट डिरेलरही एकमेकांचेच घ्या. डिस्कच्या बाबतीत ब्रेक आणि शिफ्टर एकाच लिव्हरमध्ये असतात, म्हणून ब्रेक कॅलिपर आणि तेलाचा प्रकारही याच गाठीत येतो. याउलट क्रँकसेट, कॅसेट आणि चेन, स्पीड सारखे असतील तर, खालच्या-वरच्या दर्जाचे मिसळले तरी चालतं. कॅसेट १०५ ची घेतली तर वजन थोडं वाढेल, शिफ्टिंग तेच राहील.

क्रँकसेट मिसळताना फक्त चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगचं अंतर, बघा. जीआरएक्स या शिमानोच्या खडीच्या रस्त्यासाठीच्या संचाचा क्रँक लहान चेनरिंगसाठी मोह घालतो, पण त्याची चेनलाइन ४६.९ मिमी आहे, रोडपेक्षा सुमारे अडीच मिमी बाहेर. रोडचा फ्रंट डिरेलर तेवढा बाहेर नीट पोहोचत नाही, चेन पिंजऱ्याला घासते. जीआरएक्स क्रँक लावायचा तर फ्रंट डिरेलरही जीआरएक्सचाच लागतो.

रिअर डिरेलरची क्षमता स्वतः मोजा. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटमधला फरक: ५०/३४ चा १६ आणि ११-३४ चा २३, मिळून ३९. ११-स्पीड १०५ घेतलं असतंत तर लांब पिंजऱ्याचा डिरेलर बरोबर ३९ पर्यंत चालतो, आखूड पिंजऱ्याचा मात्र ३५ वर आणि ३० दात्यांवर थांबतो. जुना किंवा वापरलेला डिरेलर घेताना लोक पिंजऱ्याची लांबी विचारतच नाहीत, आणि फसतात ते इथेच.

एवढ्यावर नावाचा प्रश्न आपोआप लहान होतो. १२-स्पीड अल्टेग्रा फक्त इलेक्ट्रॉनिक येतं. केबलचं हवं असेल तर १०५, विषय संपला. इलेक्ट्रॉनिक हवं असेल तर १०५ मध्येही ते मिळतं, आणि अल्टेग्राचे जास्तीचे पैसे मुख्यतः कमी वजन आणि फिनिशचे आहेत. फ्रेमच्या केबल हँडलबार आणि हेडसेटच्या आतून लपवून न्यायच्या असतील तर इलेक्ट्रॉनिकच घ्या. मेकॅनिकल केबलला तिथे इतकी तीव्र वळणं मिळतात की शिफ्टिंग जड होतं आणि केबल बदलणं अर्ध्या दिवसाचं काम होऊन बसतं. तुमची फ्रेम स्टीलची आहे. मी असतो तर डाउन ट्यूबवर बाहेरून केबल नेली असती आणि १०५ मेकॅनिकल लावलं असतं. ५०/३४, ११-३४, घेतलेली चाकं तशीच. वाचलेल्या पैशात चांगली आउटर केबल, दोन जास्तीच्या चेन आणि चेन तपासायचं गेज येतं. सिरॅमिक बेअरिंग आणि मोठ्या पुलींचा विचार यातलं सगळं झाल्यावर करा, किंवा करूच नका.

गेजबद्दल लिहिलं ते उगाच नाही. ११ आणि १२-स्पीड चेन ०.५ टक्के ताणली की बदला. ०.७५ पर्यंत ओढली तर कॅसेटचे दातेही त्याच मापाने झिजतात, आणि मग नवी चेन जुन्या कॅसेटवर जोर दिला की घसरते.

जोडताना काही आकडे जवळ ठेवा. बॉटम ब्रॅकेटचे कप ३५ ते ५० न्यूटन-मीटर, कॅसेटचं लॉकरिंग ३० ते ५०, रिअर डिरेलरचा हँगरमधला बोल्ट ८ ते १०. शिमानो क्रँकच्या डाव्या हाताचे दोन बोल्ट १२ ते १४, आलटून पालटून थोडे थोडे. त्याआधी जी प्लास्टिकची टोपी लागते ती फक्त बोटांच्या जोराइतकी, १ न्यूटन-मीटरच्या आसपास. तिने हात जागेवर आणायचा असतो, दाबायचा नसतो. ती जोरात आवळली की बेअरिंग दाबली जातात आणि क्रँक अडकत फिरतो. फ्रंट डिरेलरच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी वर आणि त्याला समांतर असावी.

चेनची लांबी अंदाजाने कापू नका. इंचात सूत्र असं: चेनस्टेची लांबी दुप्पट करा, त्यात मोठ्या चेनरिंगच्या दात्यांचा चौथा भाग आणि मोठ्या स्प्रॉकेटच्या दात्यांचा चौथा भाग मिळवा, आणि वर १. ४१५ मिमी म्हणजे १६.३४ इंच, ३२.६८ अधिक १२.५ अधिक ८.५ अधिक १, एकूण ५४.६८. वरच्या पूर्ण इंचाला न्या, ५५ इंच, म्हणजे ११० दुवे. चेनस्टे ४२० मिमी निघाला तर बेरीज ५५.०७ येते आणि ११२ दुवे लागतात. फक्त ५ मिमीने दोन दुव्यांचा फरक पडतो, म्हणून फ्रेम हातात आल्यावर मोजा, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. चेनची टोकं जोडणारा क्विक-लिंक हा एक दुवा म्हणून मोजायचा आणि चेनची दोन्ही टोकं आतल्या पट्ट्यांची ठेवायची.

कापण्याआधी चेन डिरेलरमधून न नेता मोठ्या चेनरिंगवरून आणि मोठ्या स्प्रॉकेटवरून गुंडाळा, टोकं जुळतात तिथून दोन दुवे जास्त धरा आणि सूत्राच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही जुळले तरच कापा. आखूड चेन मोठ्या-मोठ्या जोडीवर गेली की डिरेलर आणि हँगर दोन्ही ओढून तोडते. उलट, लहान-लहान जोडीवर चेन ढिली पडून पिंजऱ्याला घासत असेल तर दुवे काढायला धावू नका. आधी क्षमतेची बेरीज पुन्हा करा; ती डिरेलरच्या मर्यादेबाहेर गेली असेल तर बदलायचा तो डिरेलर किंवा कॅसेट, चेन नाही.